सोसणाऱ्याचा फेटा

एका गावात एक पेठ होती आणि त्या पेठेची एक जुनी तालीम होती. चिंचबन तालीम तिचं नाव. आत मारुती, मारुतीसमोर तांबड्या मातीचा आखाडा आणि आखाड्याच्या कोपऱ्यात फुटबॉलचे चेंडू भरलेली जाळी. पूर्वी इथले पैलवान नाव काढायचे. आता पोरं फुटबॉल खेळायची आणि पेठ त्यांच्यावर जीव टाकायची.

या पेठेला राग फार. पंचानं शिट्टी वाजवली तरी राग, नाही वाजवली तरी राग. सामना हरला तर समोरच्यावर राग, जिंकला तर एवढ्या थोडक्यात का जिंकला म्हणून आपल्याच पोरांवर राग. रागाला कुणी वाईट म्हणू नये. पण तो कुठं काढायचा हे ज्याला कळत नाही, त्याच्या रागानं फक्त त्याचाच घसा बसतो.

संघाचा कप्तान होता बापूसो. तो दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा, असा आडवा गडी. पेठेत सगळ्यात जास्त राग त्याला. त्याचा त्याला अभिमानही होता.

याच संघात एक कोवळं पोरगं होतं, जोतिराम. मिसरूड नुकतं फुटत होतं. बाप ट्रकवर, महिना महिना बाहेर. आई इंदुबाई चुरमुऱ्यांची भट्टी चालवायची. जोतिराम ना अंगानं दांडगा, ना पळण्यात फार तेज. पण देवानं त्याला नजर दिली होती. मैदानाच्या मधोमध तो चेंडू पायाखाली घेऊन क्षणभर थांबायचा, मान वर करून पुढं बघायचा, आणि कोण कुठं पोहोचणार हे त्याला आधीच कळायचं. मग तो चेंडू सोडायचा. आईनं ताट वाढून पुढ्यात सरकवावं, तसा तो चेंडू पळणाऱ्याच्या पुढ्यात यायचा. पुढच्यानं नुसता पाय लावायचा.

तालमीचे गणबा वस्ताद म्हातारे होते, पण डोकं शाबूत होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बापूसोला आणि धोंडीला समोर उभं केलं. धोंडी हा संघातला दुसरा दांडगा गडी.

"ह्यो पोरगा पुढं बघतोय," वस्ताद म्हणाले. "पुढं बघणाऱ्याला बाजूचं दिसत न्हाई. ते तुम्ही बघायचं. बापू, तू डाव्या अंगाला. धोंडी, तू उजव्या. येणारा धक्का आधी तुमच्या अंगावर. काय वाट्टेल ते होऊ दे, जागा सोडायची न्हाई."

एवढं सोपं काम होतं. पहिल्या हंगामात दोघांनी ते केलंही. जोतिरामाला कुणाचं बोट लागलं नाही आणि चिंचबन तालीम जिंकत गेली.

पण या पेठेची एक रीत होती. जो गोल मारेल त्याला मैदानातच गुलाबी फेटा बांधायचा. मग हलगी कडाडायची, गडी खांद्यावर चढायचा, मिरवणूक पेठेत शिरायची आणि दारोदारी बायका त्याला ओवाळायच्या. गोल मारणाऱ्याला फेटा. धक्का अंगावर घेणाऱ्याला काय? काळंनिळं पडलेलं अंग आणि घरी गेल्यावर गरम विटेचा शेक. जागा धरून उभा राहिला म्हणून कुणाला फेटा बांधल्याचं पेठेत कुणी ऐकलं नव्हतं.

पहिल्यांदा धोंडी हलला. एका सामन्यात त्याला पुढं मोकळं रान दिसलं. तो उजवी बाजू सोडून धावला, जोतिरामानं चेंडू अचूक त्याच्या पायात दिला आणि धोंडीनं गोल मारला. संध्याकाळी धोंडी फेटा बांधून खांद्यावर, आणि कप्तान बापूसो बोडक्या डोक्यानं मिरवणुकीच्या मागं. एका म्हातारीनं ओवाळताना विचारलंसुद्धा, "बापू, तुला रे कधी?"

बापूसोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हातारीवर काढता येईना आणि धोंडीवर काढली तर लोक जळतोय म्हणतील. मग त्यानं सोपा मार्ग काढला. पुढच्या सामन्यात त्यानंही आपली जागा सोडली. त्यालाही गोल मिळाला, त्यालाही फेटा मिळाला. दोघंही खूश झाले, पेठ खूश झाली. मधोमध उभं असलेलं पोरगं एकटं पडलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे आलं असेल. पण गोल होत होते ना?

पेठेच्या ध्यानात आलं नाही तरी खालच्या वेशीच्या तालमीला ते बरोबर दिसलं. त्यांच्याकडं भैरू म्हणून एक गडी होता. भैरूला फुटबॉल येत होता, असं त्याच्या आईनंही कधी म्हटलं नसतं. त्याला पाय मोडायला ठेवला होता. त्यानं बघितलं की पोरगं मान वर करून पुढं बघतं तेव्हा त्याच्या डावीकडं कुणी नसतं. मग तो डावीकडून यायला लागला.

पहिल्यांदा जोतिराम पडला तेव्हा मैदान चिडीचूप झालं. नडगी सोलून निघाली होती. पोरगं थोडा वेळ तसंच पडून राहिलं, मग उठलं, माती झटकली आणि लंगडत आपल्या जागेवर गेलं. आणि तेव्हा, ऐका आता, पेठ चवताळून भैरूच्या अंगावर गेली नाही. बापूसोला कुणी विचारलं नाही की तू कुठं होतास. पेठेनं टाळ्या वाजवल्या. हलगीवाल्यानं हलगी कडाडवली. "वाघ हाय वाघ," म्हणून आरोळी उठली. तालमीचे एक जुने पैलवान तर गहिवरून म्हणाले, "असलं सोसणारं पोरगं पेठेनं बघितलं न्हाई. ह्याला बी फेटा बांधा."

म्हणून त्या दिवसापासून दोन फेटे निघायला लागले. एक गोल मारणाऱ्याला. दुसरा सोसणाऱ्याला.

सगळं नासलं ते इथं. मार बसला की आधी निदान हळहळ तरी व्हायची. आता मार हा सोहळा झाला. पोरगं पडलं की लोक पुढं सरकून बघायचे, आज किती वेळात उठतंय. उठलं की हलगी. घरी जाऊन सांगायचे, आज लई बेक्कार लागलं पण उठला हं गडी. कौतुक करायला काय जातंय? नडगी तर दुसऱ्याची.

एकदा सरावानंतर जोतिराम बापूसोजवळ आला. पाय सुजून पोटरी दगड झाली होती. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"दादा, जरा डाव्या अंगाला थांबशील का? मला त्यो येताना दिसत न्हाई."

बापूसोला याचा राग आला. खरं बोललेलं झोंबतंच, आणि लहानानं बोललेलं जास्त.

"पेठेनं तुला फेटा बांधला आणि तू रडतोयस? तालमीचा पोरगा हैस का कोण हैस?"

जोतिरामानं मान खाली घातली. नंतर त्यानं कधी काही मागितलं नाही. लंगडताना कुणी बघू नये म्हणून तो सराव संपल्यावर सगळ्यांच्या मागून निघायचा. ज्याला सोसण्याबद्दल फेटा बांधलाय, त्यानं दुखतंय म्हणायचं कसं? मार भैरूनं दिला होता. तोंड पेठेनं बांधलं होतं.

पण आईपासून काय लपतंय? मोठ्या ढालीचा सामना तोंडावर आला होता आणि समोर खालची वेसच होती. त्या आठवड्यात एका सकाळी इंदुबाई भट्टी सोडून तालमीत आली. बायका तालमीच्या आत जात नसत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. आत बापूसो, धोंडी आणि गणबा वस्ताद बसले होते.

"मी पोरगं खेळाय धाडलंय," ती म्हणाली. "मार खायाला न्हाई."

धोंडी हसून म्हणाला, "काकी, तुम्हाला ठावं न्हाई. तुमच्या पोराचं हाड पोलादाचं हाय."

"त्ये हाड माझ्या दुधाचं हाय," इंदुबाई म्हणाली. "कसलं हाय ते मला इचार. रोज रातीला मी त्याला हळदीचा लेप लावते. तुम्ही हलगी वाजवता."

धोंडीचं हसू विरलं. वस्ताद जमिनीकडं बघत राहिले. त्यांनी हे काम नेमून दिलं होतं आणि ते मोडलेलं बघून हंगामभर ते गप्प बसले होते. संघ जिंकत असला की वस्तादांनाही जीभ जड होते.

इंदुबाईनं बापूसोकडं बघितलं. "बापू, तू कप्तान हैस. ढालीच्या सामन्याला तू त्याच्या बाजूला उभा राहणार असशील तर धाडते. नसशील तर सांग. मी त्याला भट्टीवर बसवते."

जोतिराम नसेल तर ढाल नाही, हे बापूसोला कळत होतं. तो उठला. मारुतीच्या पायाला हात लावून म्हणाला, "काकी, जागेवरनं हलणार न्हाई. ह्याच्या पायाची आण."

इंदुबाईचा त्याच्यापेक्षा मारुतीवर जास्त विश्वास होता. तिनं पोरगं धाडलं.

सामन्याला सगळं गाव लोटलं. इंदुबाईही भट्टी बंद ठेवून आली होती. ती पेठेच्या गर्दीत बसली नाही. मैदानाच्या डाव्या कडेला, दोरीपाशी, एकटीच उभी राहिली. तिथून बापूसोची जागा समोर दिसत होती.

बापूसो उभा राहिला. खरंच उभा राहिला. भैरू आला की आडवं अंग घालायचा, धक्का छातीवर घ्यायचा. भैरूची एक लाथ त्यानं मांडीवर घेतली, एक कोपर बरगडीत घेतलं. जोतिरामाला कुणी शिवलं नाही. कितीतरी दिवसांनी पोरगं मान वर करून निवांत बघत होतं आणि चेंडू जिथं पाहिजे तिथं पडत होता. बरोबरी होती, पण जोर चिंचबनचा होता. मात्र छातीवर लाथा झेलणाऱ्या बापूसोसाठी एकदाही हलगी वाजली नाही. ते त्याला जाणवत होतं. बरगडी दुखत होती त्यापेक्षा ते जास्त दुखत होतं.

सामना संपत आला. जोतिरामाच्या पायात चेंडू आला. त्यानं मान वर केली. त्याच क्षणी बापूसोला दिसलं की समोरची बचावफळी उजवीकडं ओढली गेलीय आणि डावीकडून गोलपर्यंत रान मोकळं आहे. धोंडी लांब होता. दुसरं कुणी नव्हतं. हलगीवाल्यानं काठी उचलली होती.

बापूसोला आण आठवली नाही असं नाही. आठवली. तो मनाशी म्हणाला, एवढ्या एका वेळेला. आणि धावला.

जोतिरामानं बघितलं की आपली डावी बाजू उघडी पडली. त्याला चेंडू टाकून बाजूला उडी मारता आली असती. पण पुढं पळणारा आपला कप्तान होता. त्यानं थांबून, नीट बघून चेंडू सोडला. तो बापूसोच्या पुढ्यात आला. बापूसोनं पाय लावला. गोल झाला.

मैदान फुटलं. लोक दोरी तोडून आत शिरले. हलगी अशी वाजली की दुसरं काही ऐकू येईना. कुणीतरी बापूसोला खांद्यावर घेतला, कुणीतरी गुलाल उधळला, आणि त्याच जुन्या पैलवानांनी स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला. पंचांची शिट्टी वाजत होती, ती कुणी ऐकली नाही. पंच मधोमध वाकून हात हलवत होते, ते कुणी बघितलं नाही.

मग एकजण म्हणाला, "आरं, जोत्या कुठाय? त्याला बी बांधा की फेटा."

गर्दी दुसरा फेटा घेऊन वाजतगाजत मागं वळली. जोतिराम होता तिथंच होता. चेंडू सुटल्यावर, डोळे चेंडूमागं असताना, भैरू डावीकडून आला होता. नडगीचं हाड मोडून पाय नको तिकडं वळला होता. पोरगं ओरडत नव्हतं. पेठेनं त्याला तेवढं शिकवलं होतं. शेजारी इंदुबाई मातीत बसली होती आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

आणि पैलवानांनी काय करावं? सवयीनं त्यांनी वाकून पडलेल्या पोराच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली. "वाघ हाय," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खोटं नव्हतं ते, आणि म्हणूनच चीड येते.

इंदुबाईनं तो फेटा त्यांच्या हातातून ओढून घेतला. जवळच्या दोन पोरांच्या हातातले झेंडे घेतले, कापड फाडून फेकलं आणि काठ्या पोराच्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. मग तो फेटा वेढे देत देत पायाला घट्ट बांधत गेली. हलगी केव्हा थांबली ते कळलं नाही. पंचांनी बाकडं आणलं. पोराला त्याच्यावर निजवलं. वाटेत हिसका बसून पाय हलू नये म्हणून त्याला बाकड्याशी बांधायला हवं होतं.

इंदुबाईनं मान वर केली. बापूसो अजून खांद्यावर होता. तो खाली उतरला.

"त्यो बी काढ," ती म्हणाली.

बापूसोनं डोक्यावरचा फेटा काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं पोराला बाकड्याशी बांधलं, गाठ मारली, ओढून बघितली आणि बाकडं उचलायला स्वतः एक बाजू धरली. जाताना म्हणाली, "एवढ्या दिसांत तुमचा फेटा आज उपेगाला आला."

संध्याकाळी तालमीत पोरं जमली. हातात काठ्या. भैरूला फोडायचा, खालच्या वेशीला आग लावायची, असं चाललं होतं. सगळ्यांत मोठा आवाज बापूसोचा. राग नुसता उकळत होता. त्यानं काठी उचलली आणि दाराकडं निघाला. दारात गणबा वस्ताद आडवे उभे होते.

"भैरूला त्याच्या तालमीनं पाय मोडायचं काम दिलतं," वस्ताद म्हणाले. "वंगाळ काम. पर त्यानं जागा सोडली न्हाई. तुला मी एक काम दिलतं, बापू. मी बी बघत बसलो, माझं थोबाड मी फोडून घेतो. तू तुझा राग घेऊन कुठं निघालायस?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, हे बापूसोचं बापूसोला कळलं. त्यानं काठी मारुतीपुढं ठेवली आणि त्याच पायांपाशी बसला, ज्यांची त्यानं आण घेतली होती. एकेक करून पोरं घरी गेली.

जोतिरामाचा पाय जुळला, पण आखूड जुळला. तो भट्टीवर बसायला लागला. तिथूनही तो रस्त्यावरच्या पोरांचा खेळ बघायचा आणि कुणी चुकीच्या ठिकाणी चेंडू टाकला की त्याचा धड पाय आपोआप हलायचा. बापूसो रोज सकाळी भट्टीवर लाकडं टाकून यायचा. इंदुबाई त्याला नको म्हणाली नाही आणि बस असंही म्हणाली नाही.

पुढच्या हंगामाला नवी पोरं आली. त्यांतल्या एकाला थोडी थोडी तशीच नजर होती. मारुतीपुढं नारळ फुटला आणि पैलवान नव्या पोरांना तालमीचा इतिहास सांगायला बसले. भिंतीवरच्या ढालीकडं हात करून म्हणाले, "ही ढाल कुणी आणली? आमच्या जोत्यानं. हाड मोडलं पर पोरानं हूं की चूं केलं न्हाई. किती सोसलं बघा त्यानं. त्याच्यासारखं सोसाय शिका."

बापूसो मागं उभा होता. तो पुढं आला. या खेपेला त्याचा आवाज चढला नव्हता, पण पेठेनं त्याला इतका रागावलेला कधी बघितला नव्हता.

"त्यानं सोसलं न्हाई," तो म्हणाला. "आम्ही त्याला सोसाय लावलं. सांगायचं असंल तर असं सांगा. म्हणा, बापूनं जागा सोडली."

हलगीवाल्यानं मांडीवरची हलगी खाली ठेवली. बापूसोनं त्या नव्या पोराला मधोमध उभं केलं आणि स्वतः त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. सराव सुरू झाला. पुढं रान मोकळं होतं, आणि तो हलला नाही.

तात्पर्य: ज्याला राखणं आपलं काम आहे, त्याच्या सोसण्याचे गोडवे गाऊ नयेत. आधी बघावं, आपण आपल्या जागेवर होतो का.